लहान मुलांना अळंबी कशी वाढते हे कसं दाखवू? (मदत हवी आहे)

शेवंती:
नमस्कार मंडळी. मी बालवर्गाला शिकवते, मुलं ४ ते ६ वर्षांची. पुढच्या महिन्यात अळंबी हा विषय घ्यायचाय. गोष्ट, रंगकाम, कागदाच्या टोप्या हे सगळं जमेल, घोडं अडलंय ते दुसरीकडेच. बी पेरायचं, पाणी घालायचं, उन्हात ठेवायचं हे मुलांना तोंडपाठ आहे. त्यामुळे मशरूमचं चित्र काढा म्हटलं तर बहुतेकांनी दांड्याखाली मुळं काढली, एकीने दांड्याला दोन हिरवी पानं चिकटवली आणि हसरा सूर्य तर जवळपास प्रत्येकाच्या कागदावर. एकाने थेट विचारलं, "ताई, याचं बी कुठं असतं?"

हे झाड नाही एवढं सांगून भागत नाही. मग आहे काय, ते कसं दाखवू? नुसते शब्द देऊन उपयोग नाही, या वयाला हातात काहीतरी लागतं. वर्गात वाढवता येईल का? आणि विषारी अळंबीबद्दल किती बोलायचं? फार धाक घातला तर मूल पुन्हा गवतात वाकून बघणार नाही, नाही घातला तर तोंडात घालेल. वर्गातल्या एका मुलीला दमा आहे, तेही लक्षात घेऊन सांगा.

रानवाट:
सोपं आहे की. अळंबी म्हणजे फळ आणि झाड जमिनीच्या पोटात. फळ तोडलं म्हणून झाड मरत नाही. आमच्या घरी एवढ्यावर काम भागलं. जोडीला एखादं कुजकं लाकूड किंवा ओल्या पाचोळ्याचा थर उलटून दाखवा, खाली पांढरे बारीक धागे पसरलेले दिसतात. भिंग असेल तर उत्तमच.

काजवा:
रानवाट, धाग्यांचं पटलं, फळाचं नाही पटलं. फळ म्हटलं की मूल दुसऱ्या दिवशी झाडच काढून आणणार, फक्त जमिनीखाली. म्हणजे शेवंतीताई होत्या तिथंच राहिल्या.

मी असते तर "कोण कसं जेवतं?" इथून सुरुवात केली असती. झाड उन्हात स्वतःचं अन्न स्वतः करतं. आपण घास तोंडात घालतो, तो पोटात पचतो. अळंबीचे धागे हिरवे नसतात, त्यांना उन्हापासून अन्न करता येत नाही. त्यांना तोंड नाही, पोटही नाही. म्हणून ते थेट अन्नातच घुसतात, पाचक रस बाहेर सोडतात, लाकूड किंवा पेंढा बाहेरच्या बाहेर पचवतात आणि त्यातलं हवं ते शोषून घेतात. आधी पचवायचं, मग खायचं! मुलं "ईईई" करतात आणि घरी जाऊन सगळ्यांना सांगतात. सूर्याचं चित्र तिथंच गळून पडतं.

हे पोरांसाठी केलेलं सोपं रूप नाही बरं का. व्हिटेकर या शास्त्रज्ञाने १९६९ साली सगळ्या सजीवांचे पाच मोठे गट पाडणारं पंचसृष्टी वर्गीकरण मांडलं, त्यात कवकांना (अळंबी, बुरशी वगैरे) वनस्पतींपासून वेगळी सृष्टी दिली ती मुख्यतः या जेवणाच्या तऱ्हेवरूनच. शिवाय कवकांच्या पेशीभित्तीत कायटिन नावाचा चिवट पदार्थ असतो, जो कीटकांच्या कवचात सापडतो. झाडांपेक्षा कवकं आपल्याला, म्हणजे प्राण्यांना जवळची.

लगेच काही दाखवायचं असेल तर पावाचा ओलसर तुकडा पारदर्शक पिशवीत घालून तोंड चिकटपट्टीने पक्कं बंद करा. काही दिवसांत बुरशीचे धागे पावात शिरलेले दिसतील. पिशवी उघडायची मात्र नाही, तशीच्या तशी कचऱ्यात. दम्याचं मूल वर्गात आहे म्हणून हे दोनदा सांगते.

धिंगरीवाला:
वर्गात वाढवायला धिंगरी (ऑयस्टर मशरूम) घ्या. बटन मशरूमला खास कुजवलेलं खत, वर मातीचा थर असा पसारा लागतो, त्या नादी लागू नका. पेंढ्यात स्पॉन (अळंबीचे धागे वाढवलेले धान्याचे दाणे) भरलेली तयार पिशवी आणा. पेंढा गरम पाण्यातून काढायची उठाठेव मुलांसमोर नको.

सुरुवातीला पिशवीत पिवळा पेंढा आणि मधेमधे स्पॉनचे पांढरे दाणे दिसतात. दोन-तीन आठवड्यांत तो पांढरेपणा पसरत पसरत सगळा पेंढा बांधून टाकतो. खरा धडा हाच, आणि नेमके इथंच लोक कंटाळून "अजून काही उगवलंच नाही" म्हणतात. मुलांना बाहेरून प्लॅस्टिकवर रंगीत पेनाने पांढऱ्या भागाची कड आखायला सांगा. दोन दिवसांनी दुसऱ्या रंगाने. कड पुढे सरकलेली दिसली की "काहीतरी चालतंय आत" हे कुणी सांगावं लागत नाही. पिशवी दाबूनही बघू द्या, आधी भुसभुशीत असते, नंतर घट्ट ठोकळा होतो.

पूर्ण पांढरी झाली की चिरा द्यायच्या आणि चिरांभोवती पाण्याचा बारीक फवारा मारत राहायचं. टाचणीच्या डोक्याएवढे दाणे (आम्ही पिन म्हणतो) दिसले की पुढचा खेळ चार-पाच दिवसांत आटोपतो. सुट्टी बघूनच चिरा द्या, नाहीतर शुक्रवारी पिन आणि सोमवारी थेट मोठ्या छत्र्या, मधलं सगळं रिकाम्या वर्गात. सकाळी आल्यावर आणि सुटताना दोरा लावून मोजा, एका दिवसात फरक दिसतो. "एवढी पटकन कशी?" असं विचारतीलच. पुष्कळशा पेशी त्या छोट्या कोंबातच तयार असतात, नंतर त्या मुख्यतः पाणी भरून फुगतात. ताज्या अळंबीत ९० टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं.

"मशरूमला अंधार लागतो" हे कृपया शिकवू नका. बटनला उजेडाची गरज नाही म्हणून ते अंधारात वाढवतात, इतकंच. धिंगरीला छत्री नीट धरायला थोडा उजेड लागतो, फक्त थेट ऊन नको. पिशवी बंद कपाटात कोंडली तर दांडे लांबुळके आणि टोप्या इवल्याशा येतात. आतले धागे आपल्यासारखाच प्राणवायू घेतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात, तो साचला की असं होतं.

आता फळ-झाडाच्या वादाबद्दल. पहिली तोड झाली की पिशवी फेकू नका. सगळी अळंबी मुलांसमोर काढा आणि विचारा, "संपली का?" हो म्हणतील. फवारा चालू ठेवा. आठवड्या-दोन आठवड्यांत त्याच पिशवीतून दुसरी तोड येते. बी पेरलं नाही, काही नवीन घातलं नाही, मग आली कुठून? उत्तर मुलंच देतात, कारण त्यांनी त्या पांढऱ्या भागाची कड स्वतः आखलेली असते. शेवटी पिशवी हलकी झालेली आणि पेंढा बसलेला दिसतो. कुणी खाल्ला तेही त्यांना कळतं.

हिरवा डाग दिसला तर तो ट्रायकोडर्मा या बुरशीचा असण्याची शक्यता जास्त. पिशवी उघडून बघत बसू नका, वर्गाबाहेर काढा.

शेवंती:
धिंगरीवाले दादा, कड आखायची कल्पना फारच आवडली. दम्याचं काय करू?

धिंगरीवाला:
ताई, धिंगरी बीजाणू (ज्यांतून नवे धागे वाढतात ते धुळीसारखे बारीक कण) भरपूर सोडते, वाढवणाऱ्यांनाही त्याचा खोकला होतो. छत्रीची कड खाली वळलेली आहे तोवरच काढून घ्या, कड सपाट झाली की बीजाणूंचा धूर सुरू झालाच समजा. पिशवी वर्गात न ठेवता मोकळ्या व्हरांड्यात सावलीला ठेवा. त्या मुलीच्या पालकांना आधी विचारा, त्यांच्या डॉक्टरांचा सल्ला शेवटचा.

पाटीपेन्सिल:
विषारीबद्दल. या वयात 'ही चांगली, ती वाईट' अशी ओळख अजिबात शिकवू नका. चित्रं दाखवून तर नाहीच. मोठे जाणकारही फसतात, मूल काय ओळखणार? एकच नियम: बघायचं, मोठ्यांना हाक मारायची, तोंडात काही घालायचं नाही, मग हात धुवायचे. हात लावल्याने विषबाधा होत नाही, विष पोटात गेल्यावर बाधतं. त्यामुळे "शिवू नको, मरशील" असं ओरडायचं कारण नाही.

पालकसभेत मात्र स्पष्ट बोला. चांदीचा चमचा काळा पडतो, लसूण रंग बदलतो, किड्यांनी खाल्लेली अळंबी चालते, या सगळ्या भाकडकथा. डेथ कॅप नावाच्या अळंबीचं विष शिजवूनही जात नाही आणि त्रास बहुधा सहा तासांनंतरच सुरू होतो, तोवर यकृताचं नुकसान सुरू झालेलं असतं. मुलाने रानातली अळंबी चावल्याची शंका आली तरी लक्षणांची वाट न बघता दवाखाना गाठायचा, उरलेला तुकडा सोबत न्यायचा.

चिऊची_आई:
मधेच विचारते. बीजाणूंचा ठसा घेतात ना कागदावर, तो आम्ही बटन मशरूमचा घेऊन बघितला, कागद कोरा तो कोराच. काय चुकतं?

काजवा:
बहुतेक टोपी मिटलेली असणार. बटनच्या टोपीखाली पातळ पडदा असतो, तो फाटून आतल्या तपकिरी पट्ट्या उघड्या पडल्याशिवाय बीजाणू गळत नाहीत. पूर्ण उघडलेली टोपी घ्या, दांडा कापा, पट्ट्या खाली करून ठेवा आणि वर वाटी पालथी घाला. रात्रभर हलवू नका. बटनचा ठसा गडद चॉकलेटी येतो. धिंगरीचा पांढरट येतो, म्हणून कागद अर्धा काळा, अर्धा पांढरा असू द्या. वाटी उचलणं मात्र मोठ्यांचं काम, आणि त्या वेळी दम्याचं मूल जवळ नको.

शेवंतीताई, त्या मुलाच्या बियांच्या प्रश्नाला हाच ठसा दाखवा. बी फोडलं तर आत पिल्लू-रोप आणि त्याची शिदोरी असते. बीजाणू म्हणजे बहुधा एकच पेशी, शिदोरी जवळजवळ नाहीच, त्यामुळे अन्नावर पडला तरच त्याचं निभतं. म्हणून तर एवढे लाखोंनी सोडावे लागतात.

शेवंती:
सगळ्यांचे आभार. पिशवी सांगून ठेवली आहे, व्हरांड्यातली जागाही ठरली. मुळांची चित्रं जपून ठेवते, दुसऱ्या तोडीनंतर पुन्हा काढायला लावीन. सुट्टीत पिन आले तर शाळेतल्या मावशी फवारा मारतील म्हणाल्या.

धिंगरीवाला:
मावशींना सांगा, फवारा हवेत मारायचा, पिनांवर नेम धरून नाही. पाणी साचलं तर पिन पिवळे पडून कुजतात.