दोंगझीचे ज्याओझ आणि गारठलेले कान: हान काळात मिरची आली कुठून?

वाचनवेडी
एचएसके-३ या चिनी भाषेच्या परीक्षेची तयारी चालू आहे. परवा वाचनाच्या उताऱ्यात ज्याओझची (सारण भरून पाण्यात उकळलेल्या चिनी करंज्या) ही गोष्ट आली. हान काळातला थोर वैद्य झांग झोंगजिंग चांग्शाचं अधिकारपद सोडून ऐन हिवाळ्यात आपल्या गावी, नानयांगला परततो. नदीकाठी गोरगरीब कुडकुडत असतात, कित्येकांचे कान थंडीने सुजून फुटलेले. तो मोकळ्या जागी मांडव घालतो, मोठ्या भांड्यात मेंढीचं मटण, मिरची आणि थंडीवरच्या मुळ्या शिजवतो. मग ते सगळं बारीक चिरून कणकेच्या पारीत कानाच्या आकाराचं बांधतो आणि प्रत्येकाला दोन 'कान' आणि वाटीभर रस्सा देतो. दोंगझीपासून (म्हणजे वर्षातला सगळ्यात छोटा दिवस) वर्षाच्या शेवटच्या रात्रीपर्यंत हे चालतं. लोकांचे कान बरे होतात. त्या पदार्थाला म्हणायचे 'ज्याओ-अर', नाजूक कान. त्यावरून ज्याओझ.

गोष्ट गोड आहे, पण मी मिरचीपाशी अडकले. दुसऱ्या-तिसऱ्या शतकात चीनमध्ये मिरची? बाईंना विचारलं तर म्हणाल्या, "परीक्षेत मिरची लिही." हा वैद्य तरी खरा होता का? आणि दोंगझीला ज्याओझ खाण्याची रीत नक्की किती जुनी?

आयतोबा
मिरची अमेरिका खंडातली. चीनमधली तिची पहिली लेखी नोंद १५९१ ची, गाओ ल्यानच्या पुस्तकात. तीसुद्धा शोभेचं झाड म्हणून: पांढरी फुलं, लाल फळं, दिसायला छान. म्हणजे गोष्ट त्यानंतर कोणीतरी रचलेली. विषय संपला.

झेंगझोऊ_रिटर्न
आयतोबा, एवढ्यात कुठे संपतोय! मिरचीवरून एवढंच ठरतं की *मिरचीवाली* गोष्ट १५९१ नंतर कोणीतरी सांगितली. सांगणारा आपल्या ताटात जे असतं तेच गोष्टीत वाढतो.

मी झेंगझोऊत एमबीबीएस केलं. नानयांग त्याच हेनान प्रांतात, त्यामुळे तिकडे ही गोष्ट घरच्या माणसाची असल्यासारखी सांगतात. आमच्या वसतिगृहाच्या दारावर एक आयी असायच्या. 'आयी' म्हणजे मावशी, पण मराठी कानाला पहिले सहा महिने भलतंच ऐकू येतं. दुसऱ्या वर्षी दोंगझीच्या संध्याकाळी (तिकडे सुट्टी नसते, प्रॅक्टिकल चालूच) मी टोपी न घालता ई-बाइकवरून आलो. आयींनी माझे दोन्ही कान चिमटीत धरले आणि विचारलं, "चिमटलेस का?" मला वाटलं, रागावल्या. मग खोलीत नेलं. स्टुलावर पीठ, शेजारी सारण, आणि त्यांची नात पारीच्या कडा चिमटून बंद करत बसलेली. हेनानमध्ये या दिवशी ज्याओझ करण्याला 'न्ये दोंग अरदुओ' म्हणतात, म्हणजे गारठलेले कान चिमटणे. जो चिमटणार नाही त्याचे कान गळून पडणार. उत्तरेत एक म्हणही सर्रास ऐकू येते: "दोंगझी बू दुआन ज्याओझ वान, दोंग दियाओ अरदुओ मेई रन ग्वान." दोंगझीला ज्याओझचा वाडगा हाती धरला नाहीत, तर कान गळाले तरी कोणी विचारणार नाही.

त्यांचं लाटणं जेमतेम वीतभर. उजव्या हाताने लाटणं पुढेमागे, डाव्या हाताने पारी जराजरा फिरवत राहायची, म्हणजे कडा पातळ होतात आणि मधे पोट जाड राहतं. मी आईच्या हाताखाली शिकलेली करंजीची मुरड घातली. आयी म्हणाल्या, "हा कान नाही, गोगलगाय आहे." तरी उकळत्या पाण्यात फुटली नाही, हे नमूद करतो.

आता वैद्यबुवा. माणूस खरा. काळ साधारण इ.स. १५० ते २१९ असा देतात. त्याच्या 'शांगहान झाबिंग लुन' या ग्रंथाची प्रस्तावना वाचाच. तो लिहितो, माझ्या घराण्यात दोनशेच्या वर माणसं होती. ज्यान-आन पर्व (ते १९६ मध्ये सुरू झालं) लागल्यापासून दहा वर्षंही झाली नाहीत तोवर दोन-तृतीयांश गेली, आणि त्यातली दहापैकी सात 'शांगहान'ने. शांगहान म्हणजे थंडी बाधून येणारे ताप. स्वतःचं घर असं रिकामं झालेलं पाहून त्याने थंडीच्या आजारांवर पुस्तक लिहिलं. पुढे लोकांनी थंडीची गोष्ट त्याच्याच नावावर टाकली, यात मला काही नवल वाटत नाही.

चांग्शाच्या पदाचं मात्र जरा कच्चं आहे. उत्तरकालीन हान घराण्याच्या अधिकृत इतिहासात त्याचं चरित्रच नाही. तो चांग्शाचा अधिकारी होता हे १०६५ मध्ये सोंग दरबाराने त्याचा ग्रंथ छापताना प्रस्तावनेत घातलं, तेही एका जुन्या वैद्यचरित्राच्या हवाल्याने. मधे आठशे वर्षं गेली.

आणि आता मटण. हे खरंच त्याच्या नावावर आहे! 'जिनग्वेई याओल्युए' या त्याच्याच ग्रंथात एक काढा आहे: दांगग्वेई या औषधी वनस्पतीचं मूळ ३ ल्यांग, आलं ५ ल्यांग, मेंढीचं मटण १ जिन (ल्यांग, जिन ही वजनं, शंग हे द्रवाचं माप). ८ शंग पाण्यात घालून ३ शंग उरेपर्यंत आटवायचं आणि कोमट प्यायचं, दिवसातून तीनदा. कशासाठी? थंडीने पोटात कळा येतात त्यासाठी आणि बाळंतिणीच्या पोटदुखीसाठी. कानाचं नाव नाही, कणकेचंही नाही. पण हिवाळा, वैद्य, मटणाचा गरम रस्सा हे तिन्ही तिथे आहेत. आयी आजही हिवाळ्यात तो रस्सा करतात, मात्र त्याला औषध म्हणत नाहीत.

मिरचीबद्दल माझा एक अंदाज. चिनीत मिरचीला 'ला-ज्याओ' म्हणतात. यातला 'ज्याओ' मुळात मिरचीचा नव्हेच, तो 'हुआज्याओ'चा, म्हणजे आपल्या तिरफळाच्या चुलतभावाचा. तो चीनमध्ये हानच्याही आधीपासून आहे आणि झांग झोंगजिंगच्या औषधांत पोटातल्या थंडीवर सुंठीबरोबर येतो. जुन्या सांगणाऱ्याने 'ज्याओ' म्हटलं असेल, नव्याने 'ला-ज्याओ' ऐकलं असेल. अंदाजच आहे, बाईंच्या परीक्षेत लिहू नका.

खारट_बिस्किट
आम्ही शांघायजवळच्या सूझोऊला चार वर्षं होतो. तिथे दोंगझीला ज्याओझ विचारले तर लोक सौम्यपणे हसायचे, 'उत्तरेकडचं' म्हणून. तिकडे आदल्या रात्रीलाच मान, आणि त्या रात्री 'दोंगन्यांग' नावाची गोडसर तांदळाची दारू, वर ओस्मँथसची फुलं तरंगत असतात. ती याच दिवसांत मिळते. रांगेत लोक प्लास्टिकचे कॅन घेऊन उभे. म्हण अशी की असेल तर रात्रभर खा, नसेल तर रात्रभर गारठा. आणखी दक्षिणेला तांदळाच्या पिठाच्या गोळ्या, तांगयुआन. एक खाल्ली की वय एकाने वाढलं म्हणे. माझ्या यजमानांनी तेव्हापासून त्या सोडल्या.

वाचनवेडी
झेंगझोऊ_रिटर्न, वा! पण मग दोंगझी आणि ज्याओझ यांची गाठ कधी पडली? आणि 'ज्याओ-अर' वरून ज्याओझ हे तरी खरं का?

झेंगझोऊ_रिटर्न
नावाचं आधी. सोंग काळात या पदार्थाला 'ज्याओ'च म्हणत, पण शिंग किंवा कोपरा या अर्थाचा ज्याओ. दोन टोकं बाहेर आलेला अर्धचंद्र बघा, शिंगच दिसतं. आज लिहितात ते अक्षर नंतरचं, त्यात खाण्याची खूण जोडली आहे. 'नाजूक कान' हा त्याच उच्चारावर बसवलेला खेळ. आधी आकार आणि उच्चार, मग गोष्ट, असा क्रम मला पटतो. उलटा नाही.

पदार्थ मात्र जुना आहे. चीनच्या वायव्येला तुर्फानजवळच्या अस्तानाच्या थडग्यांत तांग काळातले (सातवं ते दहावं शतक) ज्याओझ सापडले, वाडग्यात ठेवलेले, वाळून खडखडीत, पण अर्धचंद्र जसाच्या तसा. वाळवंटाची कृपा.

दोंगझीचं खाणं म्हणाल तर जुनी नोंद ज्याओझची नाहीच. सहाव्या शतकात झोंग लिनने मधल्या यांगत्झच्या भागातल्या सणांचं टिपण केलं. त्यात दोंगझीला लाल चवळीसारख्या बारीक दाण्यांची पेज आहे. कारण काय, तर पुराणकथेतल्या गोंगगोंगचा नालायक मुलगा याच दिवशी मेला आणि रोगराईचं भूत झाला. जिवंतपणी तो लाल दाण्यांना घाबरायचा, म्हणून पेज शिजवून त्याला हाकलायचं. म्हणजे इथेही आजार आणि औषध आहेच, फक्त वैद्याच्या जागी भूत. पुढे सोंग काळात हांगझोऊचे लोक दोंगझीला हुनदुन खायचे, ज्याओझचा पातळ पारीचा भाऊ. छिंग काळातल्या (१६४४ ते १९१२) बीजिंगच्या वर्णनातही दोंगझीला हुनदुनच येतो: त्याचा आकार सृष्टीआधीच्या गोंधळासारखा, आणि 'हुनदुन'चा उच्चारही त्या गोंधळासाठीच्या शब्दासारखा, म्हणून म्हणे. पुन्हा शब्दाचाच खेळ!

आयतोबा
बरं, 'विषय संपला' मागे घेतो. मटणाच्या सारणात आयी काय घालायच्या ते सांगा.

झेंगझोऊ_रिटर्न
गाजर. किसून, पिळून. हुआज्याओ गरम पाण्यात भिजवायचा आणि गार झालं की ते पाणी खिम्यात चमचा चमचा, एकाच दिशेने ढवळत. दिशा बदलली की आयी पळीने हातावर मारायच्या. मिरची सारणात नाही. ती वेगळ्या वाटीत, व्हिनेगरमध्ये.