बीएस्सी नर्सिंग फर्स्ट सेम, मराठी मिडियम, अॅनाटॉमी डोक्यात शिरना. काय करू?

तुरीच्या_शेतातली

नमस्कार सगळ्यांना. मी जिंतूर तालुक्यातली. दहावीपर्यंत मराठी मिडियम, अकरावी बारावी परभणीला सायन्स. नीट एकदा दिली पण मार्क कमी पडले, मग नर्सिंगची सीईटी दिली आणि कॅप राउंडमधून (सरकारी प्रवेश फेरीतून) बीएस्सी नर्सिंगला नंबर लागला. आता तिसरा महिना चालूय.

खरं सांगते, मला काहीच कळना गेलंय. मॅडम चांगलं शिकवतात पण सगळं इंग्लिशमधून, अॅनाटॉमीचं एक पान वाचायला मला दीड तास लागतो आणि दुसऱ्या दिवशी ते पान कोरं. फिजिओलॉजी त्याहून अवघड. वर्गात लातूरच्या मुली आहेत, त्यांचं नीटचं वाचन झालेलं असल्यामुळं त्या पटापट उत्तरं देतात आणि मी खाली मान घालून बसते.

दुसरं म्हणजे फाईली. रोज रात्री बारा वाजेपर्यंत प्रोसीजर लिहायच्या, त्यातून अभ्यास कधी करायचा? सिनियर म्हणायल्यात की आमच्या फाईली घे आणि उतरव, सगळे असंच करतात. आणि आठवड्यातून दोन दिवस वॉर्डला पाठवतात, तिथं आम्ही बेड लावतो, टीपीआर (ताप, नाडी, श्वास) घेतो आणि भिंतीला टेकून उभं राहतो. एका आजीनं मला पाणी मागितलं तर द्यावं का नाही तेच कळेना, नातेवाईक सगळे माझ्याकडंच बघायलेले.

घरी मामा म्हणतात सोडून दे, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) कर, ते सोपं असतंय. आई काहीच बोलत नाही पण तिनं माझ्या हॉस्टेलसाठी दोन शेळ्या विकल्यात. मला नर्सच व्हायचंय हे नक्की आहे, पण मला हे झेपंल का? कुणी यातून गेलेलं असेल तर सांगा प्लीज.

विष्णुपुरी_हॉस्टेल

ताई मी थर्ड इयरला आहे, नांदेडला. मीपण मराठी मिडियम, तेपण हदगाव तालुक्यातल्या वस्तीवरची शाळा. पहिल्या सेमला मी बाथरूममधे जाऊन रडायचे, त्यामुळं तुझं कळतंय.

अॅनाटॉमी पान पान वाचू नको. आधी शब्द फोड. आयटिस लागलं की सूज, एक्टमी लागलं की काढून टाकणं, हेपॅट आलं की लिव्हर, नेफ्र आलं की किडनी, कार्डि आलं की हृदय. असे शंभर-सव्वाशे तुकडे वहीच्या मागच्या पानांवर लिही आणि रोज दहा पाठ कर. महिनाभरात नवीन शब्द दिसला तरी त्याचा अर्थ आपोआप लागतो, पेरीकार्डायटिस म्हणलं की भीती वाटत नाही.

आणि पुस्तक अंगावर वाच. रेडियल आर्टरी वाचलीस की मनगटावर बोट ठेव. ब्रेकियल वाचलीस की कोपराच्या आतल्या बाजूला ठेव, तिथंच बीपीचा स्टेथो लागतो. कुल्ल्यावर इंजेक्शन वरच्या बाहेरच्या भागातच का द्यायचं हे पाठ करावं लागत नाही, सायाटिक नर्व्ह कुठून जाते ते एकदा चित्रात बघितलं की आयुष्यभर हात चुकत नाही. आमच्या रूममधे आम्ही एकमेकींच्या पाठीवर खडूनं स्कॅप्युला (खांद्याच्या मागचं हाड) काढायचो.

अॅनाटॉमी फिजिओलॉजीचा पेपर एकच असतो ७५ मार्कांचा, दोन सेक्शन. पास व्हायला ५० टक्के पाहिजेत, बारावीसारखे ३५ चालत नाहीत, म्हणून एक सेक्शन सोडून दुसऱ्यावर तरून जाऊ हे डोक्यातून काढ. उत्तरात आकृती काढ, नावं नीट दे. इंग्लिश वाक्यं छोटी लिहिली तरी चालतात, कुणी व्याकरणाचे मार्क कापत नाही.

नाईट_ड्युटी

बेटा, मी अकरा वर्षांपासून स्टाफ नर्स आहे, आधी मेडिसिन वॉर्ड, आता आयसीयू. अभ्यासाचं वरच्या मुलीनं चांगलं सांगितलंय. मी फाईलीचं सांगते, कारण तुझ्या प्रश्नात मला सगळ्यात जास्त काळजी त्याची वाटली.

उतरवू नको. एकही पान उतरवू नको.

माझं सांगते. मी सेकंड इयरला असताना सरकारी दवाखान्यात मेडिसिन वॉर्डला पोस्टिंग होतं, ऑगस्टचे दिवस, कापसावर फवारणी चालू असली की फवारणीचं विष बाधलेले पेशंट रोज यायचे. सकाळी टीपीआर घ्यायला मला चौदा बेड दिलेले. टेंपरेचर घेतलं, पल्स घेतली, आणि रेस्पिरेशनच्या रकान्यात सगळ्यांना २० लिहिलं. मोजलं नाही. आधीच्या रात्रीचं २०, त्याच्या आधीचं २०, सगळी वहीच २०, मग मीपण २०. सिनियरच्या फाईलीत जे बघितलं तेच हाताला लागलेलं होतं.

इन्चार्ज सिस्टर राउंडला आल्या, वही बघितली, सहा नंबरच्या बेडवर बोट ठेवून म्हणाल्या, "याचे किती मोजले?" मी म्हणलं वीस. त्या रागावल्या नाहीत. माझं मनगट धरून त्या बेडपाशी नेलं, स्वतःचं घड्याळ माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या पूर्ण एक मिनिट मोज, मी थांबते. तीस-बत्तीस वर्षांचा शेतकरी होता, दोन दिवसांपूर्वी अॅडमिट झालेला, अॅट्रोपीन (विषावरचं औषध) चालू होतं, तोंडातली लाळ कमी झालेली, सगळ्यांना वाटत होतं की सुधारलाय. मी मोजले. ३६ भरले, आणि तेपण वरवरचे, छाती नीट हलतच नव्हती. सिस्टर त्याला म्हणाल्या, दादा, उशीवरून डोकं उचला बरं. त्याला उचलता येईना. मान उचलतच नव्हती. सिस्टरनं मला तिथंच उभं केलं आणि पळत जाऊन डॉक्टरांना बोलावलं, अर्ध्या तासात त्याला आयसीयूत हलवून ट्यूब टाकली. आठ-नऊ दिवसांनी तो परत वॉर्डात आला, चालत.

नंतर पुस्तकात वाचलं. या विषात पहिला धोका टळल्यावर साधारण एक ते चार दिवसांत श्वासाच्या आणि मानेच्या स्नायूंची ताकद जाऊ शकते, इंटरमीडिएट सिंड्रोम म्हणतात त्याला, आणि पेशंट शुद्धीवर असतो म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. अॅट्रोपीननं लाळ, घाम, छातीतलं पाणी आटतं पण स्नायूंची ताकद येत नाही. फार्माकॉलॉजीचा तो धडा मी परत कधी वाचला नाही, वाचायची गरजच पडली नाही.

तेव्हा श्वास मोज. पेशंटला सांगू नको की मोजायलेय, सांगितलं की श्वास बदलतो. पल्स मोजून झाली की बोटं तशीच मनगटावर ठेवायची आणि नजर छातीकडं न्यायची. पूर्ण मिनिट. पंधरा सेकंदाला चारनं गुणायचं नाही.

केअर प्लॅनचंपण (पेशंटच्या काळजीचा आराखडा) तेच. असेसमेंट, डायग्नोसिस, प्लॅनिंग, इम्प्लिमेंटेशन, इव्हॅल्युएशन हे पाच रकाने उगीच नाहीत. रकान्यात त्या माणसाचं लिही. सगळ्या फाईलीत "पेशंट विल व्हर्बलाइज रिड्युस्ड पेन" (दुखणं कमी झालं असं पेशंट सांगेल) असतं, त्यापेक्षा "रात्री दोनदा उठला, डाव्या कुशीवर झोपला की दुखणं कमी होतं" हे लिहिलंस तर ते खरं नर्सिंग आहे. वेळपण कमी लागतो, कारण बघितलेलं लिहायला विचार करावा लागत नाही.

आणि त्या पाणी मागणाऱ्या आजी. अशा वेळी आधी केस पेपर बघायचा, एनबीएम लिहिलंय का, म्हणजे तोंडानं काही द्यायचं नाही असं आहे का, किंवा पाणी मोजून द्यायला सांगितलंय का. कळलं नाही तर सिस्टरला विचारायचं. आणि आजीला सांगायचं, आजी, मी विचारून येते. पाणी देता आलं नाही तर ओल्या कापसानं ओठ पुसून दे. भिंतीला टेकून उभं राहण्यापेक्षा तेवढं केलंस तरी तुझं त्या दिवसाचं पोस्टिंग झालं.

पूर्णा_काठ

मी पेशंटचा मुलगा म्हणून बोलतोय, नर्सिंगमधला नाही. वडील वीस दिवस अॅडमिट होते तेव्हा स्टुडंट सिस्टरनीच आम्हाला सगळं समजावून सांगितलं, कारण त्या आमच्यासारखं बोलत होत्या. मराठी मिडियमचं वाईट वाटून घेऊ नको ताई.

माझी लहान बहीण यंदा बारावीला आहे म्हणून विचारतो, जीएनएम आणि बीएस्सी यात नेमकं काय घ्यावं? आणि फीचं कसं?

क्लिनिकल_इन्स्ट्रक्टर

मी शिकवते, तेव्हा दोघांनापण सांगते.

जीएनएम तीन वर्षं, बीएस्सी चार वर्षं. जीएनएम सोपं असतंय हे मामांना कुणी सांगितलं माहीत नाही, वॉर्डात दोघींना तेच काम आणि तीच जबाबदारी. जीएनएम करून पुढं दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी करता येतं. पण जिचा बीएस्सीला कॅपमधून नंबर लागलाय तिनं सोडून जीएनएमला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. एम्सच्या नॉरसेटचंच (नर्स भरतीची परीक्षा) बघा, बीएस्सीवाल्या मुलीला डिग्री आणि रजिस्ट्रेशनवर फॉर्म भरता येतो, जीएनएमवाल्या मुलीला किमान ५० बेडच्या हॉस्पिटलमधे दोन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो.

फीचं: मुलींसाठी जुलै २०२४ चा जीआर आहे. ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस मुलींना घरचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांपर्यंत असेल तर व्यावसायिक कोर्सची ट्यूशन फी आणि परीक्षा फी माफ आहे, पण प्रवेश कॅपमधून पाहिजे, मॅनेजमेंट कोट्याला नाही. महाडीबीटीवर (सरकारच्या स्कॉलरशिपच्या वेबसाइटवर) दरवर्षी फॉर्म भरायचा, रिन्यूअल विसरायचं नाही. तुरीच्या शेतातली, तू हा फॉर्म भरलास का? नसेल भरला तर आजच कॉलेजच्या ऑफिसात जा, शेळ्या विकून झाल्यात तेवढ्या पुरे. हॉस्टेल आणि मेस त्यात येत नाही, त्यासाठी वेगळी निर्वाह भत्त्याची योजना आहे ती तिथंच विचार.

आता कोर्सबद्दल. २०२१ पासून सेमिस्टर पॅटर्न आहे, आठ सेमिस्टर. पहिली दोन सगळ्यात जड वाटतात कारण सगळं नवीन असतं. तिसऱ्या सेमपासून मायक्रोबायोलॉजी, फार्माकॉलॉजी, पॅथॉलॉजी आणि अॅडल्ट हेल्थ एकत्र येतं आणि गंमत म्हणजे तिथंच मुली सुटतात, कारण सकाळी वॉर्डात बघितलेलं दुपारी वर्गात येतं. पाचव्याला लेकरांचं, मानसिक आरोग्य, कम्युनिटी, सहाव्यापासून मिडवायफरी, आठवं पूर्ण इंटर्नशिप. हजेरी परीक्षेला बसायला ८० टक्के, पण क्लिनिकलची हजेरी डिग्री मिळण्याआधी १०० टक्के भरून द्यावीच लागते. घरी लग्न आहे म्हणून बुडवलेलं पोस्टिंग नंतर दिवाळीच्या सुट्टीत भरणाऱ्या मुली मी दरवर्षी बघते.

नॉरसेट_२०२७

पहिल्या दिवसापासून नॉरसेटचा क्लास लावा, मोबाईलवर रोज १०० एमसीक्यू सोडवा. नोकरी त्यातूनच लागते, फाईलीतून नाही. प्रिलिम्स मेन्स दोन टप्पे आहेत, कॉम्पिटिशन लई आहे.

क्लिनिकल_इन्स्ट्रक्टर

पहिल्या सेमच्या मुलीला हे सांगू नका दादा. जिला अॅनाटॉमीचं पान वाचायला दीड तास लागतोय तिनं १०० एमसीक्यू सोडवले तर उत्तरं पाठ होतील, विषय नाही. थर्ड इयरपासून करा, नक्की करा, मीच मुलींकडून करून घेते. नॉरसेटला प्रश्न केसवर येतात, पेशंट असा असा आहे, आधी काय कराल? वॉर्डात उभी राहिलेली मुलगी तो प्रश्न वाचतानाच पेशंट बघते.

पहिल्या वर्षी एकच गणित पक्कं करा, थेंबांचं. ५०० एमएल सलाईन ४ तासांत द्यायचंय, सेट १ एमएलला १५ थेंबांचा आहे. ५०० गुणिले १५, भागिले २४० मिनिटं. ३१.२५ येतात, म्हणजे मिनिटाला ३१ थेंब. तोच सेट २० थेंबांचा असेल तर ४२ होतात. किती थेंबांचा ते सेटच्या पाकिटावर छापलेलं असतं, आणि मुली पाकीट फाडून तसंच डब्यात टाकतात. आधी वाचा, मग टाका. लेकरांच्या मायक्रोड्रिपला (बारीक थेंबांच्या सेटला) १ एमएलला ६० थेंब.

तुरीच्या_शेतातली

सगळ्यांचे खूप खूप आभार. महाडीबीटीचा फॉर्म भरला नव्हता, मला वाटलं कॉलेजच भरतंय. काल भरला, उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून बाबा आणायलेत.

आज वॉर्ड होता. मला आठ बेड मिळाले. मी प्रत्येकाचं पूर्ण मिनिट मोजलं, मैत्रिणी पुढं निघून गेल्या, मला पाऊण तास जास्त लागला. १६, १८, २२, १८, १४, २४, २०, १८. एकसारखे नव्हते. २४ वाल्या काकूंना दम्याचा त्रास आहे, त्या उशी पाठीमागं घेऊन बसल्या की बरं वाटतं म्हणाल्या, मी दुसरी उशी मागून आणली आणि सिस्टरला सांगितलं. तेच आज फाईलीत लिहिलं, एका पानात झालं.

मोबाईलवर सेकंद बघून मोजले, पण वॉर्डात मोबाईल काढायचा नाही म्हणून मॅडम बोलल्या. नाईट ड्युटी ताई, घड्याळ कसलं घेऊ? डिजिटल चालंल का?

नाईट_ड्युटी

डिजिटल नको. सेकंदकाट्याचं, पांढऱ्या डायलचं, मोठ्या आकड्यांचं घे, रात्रीच्या मंद उजेडातपण दिसलं पाहिजे. युनिफॉर्मला छातीवर लावायचं मिळालं तर उत्तम, कारण हात धुताना मनगटावर काही नसावं. कॉलेजमधे मनगटीच चालत असेल तर धातूचा किंवा कापडी पट्टा घेऊ नको, साधा प्लॅस्टिकचा घे, आणि पेशंटला हात लावायच्या आधी काढून खिशात ठेव.

दम्याच्या काकूंचे उद्या परत मोज. सकाळी नेब्युलायझरच्या आधी एकदा आणि नंतर एकदा, आणि दोन्ही आकडे वेळ टाकून लिही.