मेनफ्रेमचं बिल: जॉबवार डेटा द्यायचा की ठोक आकडा?

बॅचवाला: पुण्यात बसून परदेशातल्या एका विमा कंपनीचं झेड-ओएस (आयबीएमच्या मेनफ्रेम या मोठ्या संगणकाची ऑपरेटिंग सिस्टीम) सांभाळतो. तिकडे नवीन चार्जबॅक येतंय, म्हणजे क्लेम्स, पॉलिसी, अकाउंट्स या खात्यांनी मशीन किती वापरलं त्याचं बिल ज्याच्या त्याच्या खात्यावर. माझं मत ठाम आहे, एसएमएफचे (मशीनचा वापर नोंदवणारी सोय) टाइप ३० रेकॉर्ड, म्हणजे कुठल्या जॉबने (मशीनवर चालवलेल्या कामाने) किती मशीन वापरलं त्याच्या नोंदी, जॉबच्या नावासकट बिलिंगला गेलेच पाहिजेत. 'क्लेम्स: इतके सीपीयू तास' एवढंच आलं तर मॅनेजर सही करून मोकळा होतो. आमचा एक रात्रीचा जॉब अख्खी मास्टर फाईल वाचून रिपोर्ट काढायचा आणि तो रिपोर्ट कुणी उघडतच नव्हतं. चाचणीच्या बिलावर नाव दिसलं तसा क्लेम्सच्या मॅडमनी स्वतः फोन केला, आठवड्यात जॉब बंद.

रात्रपाळी: नाही पटलं दादा. टाइप ३० मधे सबटाइप २ आणि ३ इंटरव्हलचे (काम चालू असताना ठरावीक वेळाने लिहिलेले), ४ स्टेप (जॉबमधला एक टप्पा) संपल्याचा, ५ जॉब संपल्याचा, म्हणजे तेच सीपीयू सेकंद तीनदा येतात. आमच्याकडे बिलिंगच्या मुलांना हे कुणी सांगितलंच नव्हतं, त्यांनी सरसकट बेरीज मारली आणि एका खात्याला जवळजवळ तिप्पट बिल गेलं. पैसे परत झाले पण त्या खात्याने नंतर एकही बिल भांडल्याशिवाय भरलं नाही. बेरीज मेनफ्रेमवरच करा आणि खात्यागणिक एक आकडा पाठवा.

बॅचवाला: मग फक्त सबटाइप ४ पाठवू, प्रश्न मिटला.

रात्रपाळी: नाही मिटत. सिस्टीम आडवी झाली तर चालू जॉबचे ४ आणि ५ लिहिलेच जात नाहीत, तोवरचा वापर फक्त इंटरव्हलमधे सापडतो. आणि सीआयसीएस रीजन (ऑनलाइन व्यवहार सांभाळणारा प्रोग्रॅम) आठवडेच्या आठवडे चालू, त्याची स्टेप संपणार कधी आणि बिल कुठल्या महिन्यात टाकणार? शिवाय त्या एका रीजनमधे चार खात्यांची ट्रान्झॅक्शन, ती वेगळी काढायला टाइप ११० (सीआयसीएसच्या नोंदी) लागतो.

हिशेबनीस: मी बिल भरणाऱ्या बाजूची. सब-कपॅसिटी लायसन्सचे (सॉफ्टवेअरचं भाडं पूर्ण क्षमतेवर नाही, वापरावर) पैसे चार तासांच्या रोलिंग (सरकत्या) सरासरीच्या शिखरावर ठरतात ना? तुमचं शिखर सकाळी अकराला असेल तर रात्री दोनचा जॉब बंद करून लायसन्सचा एक रुपया तरी वाचला का? सेकंदाला सरसकट एकच दर लावणं हा रात्री काम करणाऱ्या खात्यावर सरळ अन्याय आहे.

बॅचवाला: ताई, तुमचा मुद्दा बरोबर आहे, रात्रीच्या त्या जॉबने लायसन्स नाही वाचलं, रात्रीची खिडकी (बॅच जॉब चालवायची वेळ) तेवढी मोकळी झाली. पण म्हणूनच ठोक आकडा नको म्हणतोय. वेळ रेकॉर्डमधेच असते, शिखराच्या तासांना चढा दर आणि रात्रीला उतरता लावता येतो, महिन्याच्या एका आकड्यात हे कसं बसवणार? रात्रपाळीचं एक मान्य, बेरीज मेनफ्रेमवरच करू, इंटरव्हलवरून, पण जॉबवार आणि तासवार.

रात्रपाळी: तासवार चालेल. कच्चे रेकॉर्ड बाहेर नेऊ नका एवढंच, एफटीपीमधे (फाईल दुसऱ्या मशीनवर पाठवताना) रेकॉर्डच्या लांबीचे चार बाइट गळाले तर पुढची अख्खी फाईल वाचता येत नाही.

हिशेबनीस: आणि रीरनचं काय? आमचा जॉब बी३७ ने (डिस्कवर जागा संपल्याच्या एररने) पडला, पूलमधे (सामायिक डिस्कच्या गटात) जागा नव्हती, तीन वेळा चालवला आणि तिन्हींचे पैसे आम्हीच भरले.

बॅचवाला: कम्प्लिशन कोड (जॉब कसा संपला ते सांगणारा) टाइप ३० मधे असतो, तोही कॉलम पाठवू. पूल आमचा, जागा आम्ही ठेवली नाही, तर पहिले दोन रन आमच्या खात्यावर.