सपाट रस्त्यावर सायकल १०० च्या स्पीडला न्यायचीय, ७० दात्यांची चेनरिंग (पायडलजवळची दातेरी चकती) टाकू का?

पायडलपंड्या:
माझ्याकडे जुनी एमटीबी (डोंगरातली माउंटन बाइक) आहे, २६ इंची चाकं, जाड गुठळ्यांचे टायर, पुढे सस्पेन्शन. सगळ्यात मोठी चेनरिंग ४२ दात्यांची आणि मागच्या चाकाला सगळ्यात छोटा दातेरी (मागची दात्यांची चकती) १४ चा. उतारावर ४० च्या पुढे गेलो की पायडल नुसती गरगरतात, पायाला काही लागतच नाही. म्हणजे दम माझ्यात आहे पण गिअर संपतोय असं मला वाटतं, बरोबर ना? एका व्हिडिओत एकाने ताटाएवढी चेनरिंग लावली होती, तशी ७० वाली पुढे टाकली तर सपाटीला १०० निघेल का? आणि अजून काय काय बदलावं लागेल? उगाच ज्ञान नको, काम करून बघितलेल्यांनी सांगा.

मागचा_ब्रेक:
थोडं ज्ञान घ्यावंच लागेल भावा. ४२ भागिले १४ म्हणजे ३, तुझ्या चाकाचा घेर धर २.०७ मीटर, म्हणजे पायडलच्या एका फेरीत सायकल ६.२ मीटर जाते. मिनिटाला ९० फेऱ्या मारल्यास तर साधारण ३३ चा स्पीड आणि ११० मारल्यास तर ४१. म्हणजे तू जे सांगतोयस ते खरंय, उतारावर तुझा गिअर संपतो. पण उतारावर! तिथे ढकलायचं काम उतार करतोय, तू नाही.

आता ७० टाक. मागे १४ च ठेवलास तर १०० ला मिनिटाला १६० फेऱ्या लागतात, मागे ११ केलास तरी १२७. चल, तेही मारल्यास असं धरू. पण हवा? हवेचा विरोध स्पीडच्या वर्गाने वाढतो आणि त्यासाठी लागणारी ताकद घनाने, म्हणजे स्पीड दुप्पट तर ताकद आठपट. ताठ बसून जाड टायरवर ३० ने जायला २०० वॅटच्या वर लागतात, आणि तेवढे तासभर टिकवणारा माणूस बऱ्यापैकी फिट समजतात. १०० ला त्याच बसणीत सहा हजारच्या आसपास लागतील. ट्रॅकवरचे जगातले टॉपचे स्प्रिंटर दोन हजारच्या वर जातात आणि तेही काही सेकंदच. तेव्हा ती चेनरिंग लावून तुला एवढंच कळेल की सपाटीला ती फिरतच नाही, उभा राहून दाबत बसशील.

पायडलपंड्या:
सहा हजार?? पण सायकलवर एका बाईचा २९६ चा रेकॉर्ड आहे म्हणे, मग ती बाई काय आठ घोड्यांची आहे का

उलटवारा:
डेनिस म्युलर-कोरेनेक, २०१८, अमेरिकेतलं बॉनव्हिलचं मिठाचं मैदान. पण ती एका ड्रॅगस्टर (सरळ रेषेतल्या शर्यतीच्या) गाडीच्या मागे, गाडीला लावलेल्या आडोशात चालवत होती, म्हणजे समोरची हवा गाडीनेच फाडून ठेवलेली. आणि सुरुवातीला गाडीने दोरीने ओढत नेऊन मग सोडलं, कारण तिच्या सायकलचा गिअर इतका जड होता की जागेवरून पायडल मारून ती हललीच नसती. तिच्याआधी १९९५ ला फ्रेड रॉम्पेलबर्गने तिथेच असंच २६८ काढलं होतं. ही आयडिया पण जुनी आहे, १८९९ मध्ये चार्ल्स मर्फी नावाच्या माणसाने आगगाडीच्या मागे रुळांमध्ये फळ्या टाकून एक मैल मिनिटाच्या आत मारला होता. आणि आत्ताच सांगून ठेवतो, हे वाचून कुठल्या ट्रकच्या मागे चिकटू नकोस, त्याने ब्रेक दाबला की तुला दिसेपर्यंत तू त्याच्या खाली.

आडोसा न घेता, सपाटीला, स्वतःच्या पायावर बघायचं तर टॉड रायकर्टचं बघ. २०१६, अमेरिकेत नेवाडातलं बॅटल माउंटन, १४४ चा स्पीड. गंमत म्हणजे ती सायकल बघितलीस तर सायकल वाटतच नाही, माणूस आत आडवा पडलेला आणि वरून अख्खं अंड्यासारखं कवच, बाहेर कॅमेऱ्यातून बघायचं. माणूस तो तगडाच, पण खरी कमाई त्या आकाराची.

म्हणून माझं मत, चेनरिंगवर पैसे घालू नकोस, स्वतःचा आकार बदल. सायकल आणि तू मिळून जेवढी हवा अडवता त्यातला बहुतेक वाटा तुझ्या अंगाचा असतो, सायकलचा थोडाच. ग्रॅम ओब्री नावाच्या स्कॉटिश सायकलपटूने १९९३ ला घरी बनवलेल्या सायकलवर तासाभरात सगळ्यात जास्त अंतराचा रेकॉर्ड मोडला, ५१.५९६ किमी. सगळ्यांना त्या सायकलला बसवलेलं वॉशिंग मशीनचं बेअरिंगच लक्षात राहतं. पण मुख्य गोष्ट त्याची बसण्याची पद्धत होती, हात छातीखाली दुमडून पुढे झुकलेला. पुढे त्या बसणीवरच बंदी आणली. नुसत्या बेअरिंगवर कोण कशाला बंदी घालेल.

तेलकट_बोटं:
मी ५२ वाली टाकून बघितलीय एमटीबीला, म्हणून सांगतो. आधी तर ती चेनस्टेला (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या पाइपला) घासायला लागली, रोडच्या फ्रेमला जागा असते पण एमटीबीला मागचे पाइप तिथे फाकलेले असतात. मग बॉटम ब्रॅकेटची (पायडल जिथे फिरतात त्या बेअरिंगची) दांडी लांब बदलली, मग चेनलाइन बाहेर गेली म्हणजे चेन तिरकी झाली, मग पुढचा डिरेलर (चेन सरकवणारा भाग) वर सरकवला तर तो त्या गोलाईला बसेना, चेन पण लांब घ्यावी लागली. एवढं करून सपाटीला टॉप स्पीड होता तेवढाच राहिला!! उतारावर थोडा वाढला, नाही म्हणत नाही. ७० तर विसरच. मागचा दातेरी १४ चा ११ होत असेल तर तेवढं कर, कमी खटपटीत उतारापुरता गिअर मिळतो.

सावकाश_काका:
अरे पोरांनो थांबायचं कसं ते कुणीच बोललं नाही. ३० वरून चांगले ब्रेक असतील तर सातेक मीटरमध्ये थांबतोस, ९० वरून त्याच ब्रेकने साठच्या वर लागतात, आणि ब्रेक दाबायचं डोक्यात येईपर्यंत वीस-पंचवीस मीटर गेलेले असतात ते वेगळेच. रिम ब्रेक असतील तर लांब उतारावर रिम किती तापते ते हात लावून बघू नकोस.

दुसरं म्हणजे हँडल थरथरणं. मला एकदा ६५ च्या आसपास झालं, पुढचं चाक एकदम डावं-उजवं डावं-उजवं करायला लागलं, मी हँडल गच्च धरलं तर आणखीनच वाढलं. नंतर कळलं की हात ढिले सोडायचे, गुडघे फ्रेमच्या वरच्या पाइपला दाबायचे आणि ब्रेक हळूहळू लावायचा. माझ्याबाबतीत हेडसेट (हँडलची दांडी फिरते ती बेअरिंग) ढिला निघाला, चाकालाही थोडा आउट होता, म्हणजे ते वाकडं फिरत होतं. ह्या दोन गोष्टी आधी बघ मग स्पीडचं बोल.

मागचा_ब्रेक:
+१ काकांना. आणि टायर राहिलेच, गुठळ्यांचे काढून गुळगुळीत टाक, हवा टायरवर लिहिलीय तेवढी भर. सपाटीला स्वस्तात सगळ्यात जास्त फरक तिथेच पडेल. सस्पेन्शन लॉक होत नसेल तर निदान त्यावर वरखाली नाचत पायडल मारू नकोस, निम्मा दम तिथे जातो (निम्मा नाही, पण जातो).

पायडलपंड्या:
तीन आठवड्यांनी आलोय. गुळगुळीत टायर टाकले, हँडल खाली घेतलं, कोपरं आत घेऊन चालवायला शिकतोय, मान जाम दुखते. नेहमीच्या सपाट पट्ट्यावर आधी ३५ च्या वर जात नव्हतो, काल वारा नसताना ४१ दिसलं आणि गिअर खरंच संपला, ह्यावेळी सपाटीला! त्यामुळे मागे ११ टाकणारे. काका, तुमचं ऐकून हेडसेट उघडला तर खालच्या बाजूचे दोन छर्रे फुटलेले निघाले. आता सगळेच नवीन टाकू की फक्त ते दोन?

तेलकट_बोटं:
सगळे. आणि छर्रे बसतात त्या वाटीत खड्डे पडलेत का बोट फिरवून बघ, पडले असतील तर वाटीपण.