अनुभव धागा: नागपुरातले बार, हॉटेलं आणि सिगारेटचा धूर

कायदा काय आहे ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाद तिथेच घुटमळणार नाही. 2 ऑक्टोबर 2008 पासून देशभर सार्वजनिक ठिकाणी ओढायला बंदी आहे, दंड आपल्याकडे 200 रुपयांपर्यंत. 30 किंवा जास्त लोक बसतील अशा रेस्टॉरंटला मात्र वेगळी स्मोकिंगची खोली करता येते: चारही भिंती छतापर्यंत, आपोआप लागणारं दार, धूर थेट बाहेर फेकणारा पंखा. 2021 च्या सुरुवातीला केंद्राच्या दुरुस्ती मसुद्यात ही सूट काढून दंड 2000 करायचं चाललं होतं. काढावी का? गिऱ्हाईक, मालक, वेटर, ओढणारे, सगळ्यांनी लिहा. पाहिलेलं-भोगलेलं लिहा, प्रवचन नको.

लक्ष्मीनगरची सून
सासूबाईंना दमा. वर्धा रोडवरच्या एका हॉटेलात शेजारच्या टेबलावर पेटली म्हणून मॅनेजरला बोलावलं, तर त्याने आम्हालाच उठवून 'फॅमिली सेक्शन'मध्ये नेलं. मध्ये प्लायवूड, तेही छातीएवढं. एसी तोच, हवा तीच. मुळात उठायचं कोणी?

माजी कॅप्टन
मी सदर भागातल्या एका बारात बरेच वर्षं वेटरांचा कॅप्टन होतो. टेबलावर अ‍ॅश-ट्रे ठेवणंच नियमात बसत नाही, हे किती लोकाले माहीत हाय? म्हणून आम्ही शेंगदाण्याच्या स्टीलच्या वाटीत थोडं पाणी टाकून देत होतो. रात्री त्याच वाट्या धुवून दुसऱ्या दिवशी त्यात पुन्हा शेंगदाणे. गिऱ्हाइकाले टोकलं तं मालक म्हने, 'काहून टोकतं बे, टीप तुयीच जाईल.' अन् ते स्मोकिंगची काचेची खोली! नियमानं तिथं काही वाढताच येत नाही. पण लोकं पेग घेऊन तिथंच बसत, मंग आमचं आत-बाहेर, दाराले सोड्याच्या क्रेटची टेकण. सारा धूर हॉलमंधी. घरी गेलो की बायको शर्ट गच्चीवर टाकाले लावे. मी आजवर एक सिगारेट ओढली नाही.

गझलवाला
कॅप्टनभाऊ, तुमच्यासारख्याच बारमध्ये मी गायचो. स्टेज नेमकं त्या खोलीच्या दाराशी. दुसऱ्या सेटला वरचा षड्ज लागायचा नाही. आता फक्त लग्नाच्या संगीतात गातो, पैसे कमी पण गळा शाबूत.

परमिट रूम, महाल
मालकांना शिव्या घालण्याआधी ऐका. माझ्याकडे कसेबसे वीस जण बसतात, म्हणजे खोलीची सूट मला नाहीच. मोठ्या हॉटेलाला आहे. माझं ओढणारं गिऱ्हाईक मग तिकडे जातं. आत ओढू दिलं तर जितके ओढणारे, तितका दंड मालकालाही. बाहेर पाठवलं तर वरच्या मजल्यावरचे काका खिडकीतून ओरडतात. म्हणून मी म्हणतो, सूट काढाच, पण सगळ्यांची एकदम. एकट्या हॉटेलवाल्याने बंद करून काही होत नाही, हे मी करून पाहिलंय.

धरमपेठी
मुंबईत कमला मिलमधल्या पबच्या आगीनंतर 2018 मध्ये राज्याने हुक्का पार्लर बंद केले, तेव्हाही हीच आरडाओरड होती, धंदा बुडतो म्हणून. आमच्या ओळखीच्या कॅफेने हुक्क्याच्या जागी पास्ता आणला. चालू आहे अजून. (पास्ता भिकार आहे, ते सोडा.)

ठेल्यावरचा
अन् सुपारी-तंबाखूचा खर्रा? अर्धं नागपूर पन्नी घोटून राहिलं, त्याच्यावर कोणी बोलत नाही!

धागाकर्ता
भाऊ, त्याचा वेगळा धागा काढा, मी पहिला येतो. पण तुमच्या खर्र्याने शेजारच्या टेबलावरच्या पोराला खोकला येत नाही. बेसिनमधल्या पिचकाऱ्यांचं बोला, तर मान्य.

एक ओढणारा
मला बाहेर जायला काही त्रास नाही. बाहेरून आलो की टेबल गेलेलं असतं, हा त्रास आहे.

परमिट रूम, महाल
या की आमच्याकडे. पानठेला समोरच आहे, टेबल राखून ठेवतो. फक्त मोबाईल काउंटरवर ठेवून जा, 'आलोच' म्हणून गेलेले बरेच जण बिलासकट गेलेत.