घरी वाजवायला लूपर: एका बटणाचा, मोठा, की नकोच?

रात्रीचा_रियाझ
एड शीरन जानेवारी 2025 मध्ये पुण्यात वाजवून गेला तेव्हापासून 'लूपर कुठला घेऊ' हे ओळखीतल्या प्रत्येक गिटारवाल्याने एकदा तरी विचारून झालंय. लूपर म्हणजे वाजवलेला तुकडा रेकॉर्ड करून तोच पुन्हा पुन्हा वाजवत राहणारं, पायाने दाबायचं पेडल, वर थरावर थर चढवता येतात. सगळ्यांना तेच हवंय, एकट्याने अख्खा बँड. अरे पण त्याच्या पायाखाली असतं ते खास त्याच्यासाठी बनवून घेतलेलं प्रकरण आहे आणि तो ते मैदानभर लोकांसमोर वापरतो, आपण बेडरूममध्ये दार लावून, शेजारचे झोपलेत का याचा अंदाज घेत.

म्हणून माझं मत सरळ आहे. घरी वाजवणाऱ्याने एक बटण आणि एक नॉब असलेलाच लूपर घ्यावा. टीसी इलेक्ट्रॉनिकचा डिट्टो, बॉसचा आरसी-1, नाहीतर त्याच धर्तीवरचे स्वस्तातले चायनीज. ड्रम नकोत, स्क्रीन नको, मेमरी नको. डिट्टोत पाचच मिनिटं रेकॉर्ड होतं म्हणून लोक नाक मुरडतात, आरसी-1 मध्ये बारा होतं. हिशोब करा ना राव, मिनिटाला 90 ठोक्यांच्या टेम्पोला चार-चार ठोक्यांचे आठ बार म्हणजे जेमतेम 21 सेकंद. पाच मिनिटं घरी भरतात कुणाची?

मोठा लूपर घेतला की काय होतं, माणूस संध्याकाळी उत्साहात बसतो, ड्रमचा ठेका शफल लावू की बोसानोव्हा, टेम्पो 96 की 98, कुठल्या नंबरला सेव्ह करू, तोवर आतून जेवायची हाक येते आणि गिटार तशीच मांडीवर. करा काथ्याकूट सुरू.

कोल्हापुरी_स्ट्रॅट
अजिबात पटलं नाही. ड्रमशिवाय लूप करायला लावणं म्हणजे नवशिक्याला मुद्दाम त्रास देणं आहे. एकटा वाजवताना माणूस कॉर्ड बदलताना किंचित थांबतो, त्याला कळतही नाही, आणि लूप तयार होतो तो सव्वाचार मात्रांचा. मग त्यावर सोलो वाजवायला जातो आणि म्हणतो आज मूड नाही. मूड नाही कसला, लूपच लंगडा आहे! बॉसच्या आरसी-5 मध्ये 57 रिदम आहेत, ते चालू असले की 'एक' कुठे पडतोय ते कानाला आपोआप कळतं. वर 99 मेमरी. रात्री अकराला सुचलेली चाल सकाळी तशीच मिळते, तुमच्या डिट्टोत दुसरी चाल पकडायची तर पहिली पुसायची.

आणि थांबवायचं काय? एका बटणाच्या लूपरला थांबवायला दोनदा टॅप करावं लागतं, म्हणजे शेवटच्या कॉर्डच्या नेमक्या क्षणी पायाने ठक-ठक. कितीही सफाईने करा, पुढच्या फेरीचं शेपूट थोडं ऐकू येतंच.

रात्रीचा_रियाझ
शेपटाचं मान्य, पण त्यावर इलाज आहे, आरसी-1 ला त्यासाठी जॅक आहे, त्यात वेगळा फूटस्विच लावला की थांबवायचं बटण वेगळं. (होय, मग दोन बटणं झाली. हसा.)

लंगड्या लूपचं मात्र नाही पटत, कारण लूप लंगडा झाला तर तो ऐकू येतो, हाच तर फायदा. ड्रम लावले की चूक झाकली जाते. आणि बहुतेकांची चूक हातात नसतेच, पायात असते. चार मोजून झाले, कॉर्ड संपली, मग बटण दाबतात. दाबायचं पुढच्या 'एक'वर. पाय खाली जाणं आणि पुढची पहिली कॉर्ड वाजणं एकाच वेळी झालं पाहिजे, म्हणजे लूप बंद करतानाही हात चालूच ठेवायचा. हे एकदा जमलं की ड्रम लागत नाहीत. सुरुवातीला बाजूला मोबाइलवर फुकटचा मेट्रोनोम लावा, झालं काम.

फुकट_ते_पौष्टिक
दोघेही पैसे खर्च करायच्या बाजूचे दिसता. घरीच वाजवायचंय ना? आयफोन असेल तर गॅरेजबँड हे रेकॉर्डिंगचं ॲप फुकट आहे, त्यात लाइव्ह लूप्स आहेत. लॅपटॉप असेल तर रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर 60 दिवस ट्रायलवर वापरता येतं, सगळ्या सोयींसकट. गिटार लॅपटॉपला जोडणारा ऑडिओ इंटरफेस घरी रेकॉर्डिंग करणाऱ्याकडे असतोच. पेडलमध्ये चुकीचा थर पुसायचा तर फक्त शेवटचा, इथे हवा तो ट्रॅक हवा तेव्हा उडवा. लूपर पेडल ही स्टेजवरच्या माणसाची गरज आहे, त्याला लॅपटॉप उघडून बसता येत नाही म्हणून.

कोल्हापुरी_स्ट्रॅट
भाऊ, लॅपटॉप उघडला की आधी अपडेट मागतो, मग इंटरफेस सापडत नाही, मग मेल दिसतं. आणि हात गिटारवर असताना माऊस कोण दाबणार? त्यात कुणी ब्लूटूथ हेडफोन लावून करायला गेला तर आपलाच आवाज इतका उशिरा येतो की ताल धरणं अशक्य. वायरचेच लागतात.

रियाझदादांशी माझं भांडण आहे, पण पेडल हवं यावर आमची युती.

ठेका_धरून
सगळी चर्चा गिटारचीच चाललीय. माझ्या घरी लूपर आहे आणि गिटार नाही, म्हणून लिहितो. मी तबला वाजवतो, बायको पेटी. लहरा (तबल्याला साथ म्हणून पेटीवर फिरवत राहायची चाल, तिलाच नगमा म्हणतात) धरायला रोज कुणी मिळत नाही, तिलाही तोच नगमा अर्धा तास वाजवायचा कंटाळा येतो आणि ते रास्त आहे. तिने तीनतालाची दोन आवर्तनं (सोळा मात्रांचा एक फेरा म्हणजे एक आवर्तन) वाजवायची, मी समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, बटण दाबायचं, पुन्हा समेवर दाबायचं, मग ती मोकळी. मिनिटाला 120 मात्रांनी एक आवर्तन आठ सेकंदांचं, म्हणजे पाच मिनिटंसुद्धा चैन आहे.

पण पेटीला जॅक नसतो हे गिटारवाले विसरतात. माइक लागतो, आणि छोट्या लूपरला माइकची पिन थेट लागत नाही. मी छोटा मिक्सर मध्ये घातलाय, माइक मिक्सरमध्ये, तिथून लूपर. शिवाय आम्ही बसतो जमिनीवर, मांडी घालून, त्यामुळे पायाने दाबणं वगैरे विसरा. पेडल गुडघ्याशेजारी पाटावर. ती एकटी असते तेव्हा डावा हात भात्यावरून काढून बटण दाबते, भात्यात हवा असते तेवढ्यात स्वर तुटत नाही. बघायला मजा येते.

खर्ज
वीसेक वर्षं पेटी आणि गाणं शिकवतोय, म्हणून थोडं कडू लिहितो. लूप ऐकत नाही. लहरा धरणारा माणूस तबल्याकडे कान ठेवून असतो, वादक तिहाई (एकच तुकडा तीनदा) घेऊन समेवर येताना किंचित ओढला गेला तर सांभाळून घेतो. आणि आपल्याकडे लय वाढत जाते, ते वाढणंच तर शिकायचं असतं. तुमचं आवर्तन आठ सेकंदांचं म्हणजे आठच सेकंदांचं. त्याच्याबरोबर रोज वाजवणारा पोरगा भिंतीशी टेनिस खेळणाऱ्यासारखा होतो, हात तयार, पण समोर माणूस आला की गोंधळला.

ठेका_धरून
खर्जसाहेब, पहिला मुद्दा शंभर टक्के. पण साथीला माणूस मिळत नाही तेव्हा पर्याय काय, रियाझ बंद? कायदा पलटे (तबल्याचे ठरलेले बोल आणि त्यांचे फेरफार) घोटायला, एकाच लयीत पाऊण तास हात फिरवायला ठरलेली लयच हवी असते. लय वाढवायची तर लहऱ्याची ॲप्स आहेत, आणि आरसी-5 मध्ये रेकॉर्ड केलेल्या लूपचा टेम्पो पट्टी न बदलता वाढवता येतो. म्हणजे कोल्हापूरकरांना इथे माझ्याकडून अर्धा गुण.

खर्ज
बटणाने वाढवलेली लय आणि माणसाने वाढवलेली लय यात फरक आहे, तो तुम्हालाही माहीत आहे. घोटायला वापरा, ना नाही. पण शनिवार-रविवार माणसाबरोबर बसा.

फुकट_ते_पौष्टिक
ॲप्स आहेत म्हणालात ना? मग मी काय वेगळं सांगत होतो!

ठेका_धरून
ॲपमधली पेटी बायकोसारखी वाजत नाही. हे लिहिलंय तेव्हा ती शेजारीच बसली आहे.

पहिली_गिटार_पस्तिशीत
मध्ये घुसते. मी रियाझदादांचं वाचून एक बटणवाला घ्यायचं ठरवत होते, पण दुकानात लावून बघितला तेव्हा आधी साधी कॉर्ड लूप केली, मग त्यावर लीड (वरची सुरावट) वाजवायला ॲम्पचा ड्राइव्ह (आवाज फाडणारा इफेक्ट) चालू केला तर खालची कॉर्डसुद्धा फाटक्या आवाजात यायला लागली, सगळा चिखल. लूपर खराब होता का?

कोल्हापुरी_स्ट्रॅट
खराब नाही ताई, जागा चुकली. लूपर ॲम्पच्या आधी लावलेला, म्हणजे लूपमधला आवाजसुद्धा ॲम्पच्या ड्राइव्हमधूनच जातो. ॲम्पच्या पाठीमागे सेंड आणि रिटर्न असे दोन जॅक असतील तर लूपर त्यांच्यामध्ये लावा. घरच्या छोट्या ॲम्पला बहुतेक ते नसतात. मग ॲम्प क्लीन (ड्राइव्हशिवाय) ठेवायचा, ड्राइव्हचं वेगळं पेडल घ्यायचं, गिटार, मग ड्राइव्ह, मग लूपर, मग ॲम्प. लूपर शेवटी. हे एकच लक्षात ठेवा.

रात्रीचा_रियाझ
यावर आमचं एकमत, नोंद घ्यावी. आणि नॉब दिसतो तो फक्त लूपचा आवाज कमी-जास्त करतो, तुमच्या चालू गिटारचा नाही. तो थोडा खाली ठेवा म्हणजे लीड वर येतं. लोक तो फुल ठेवतात आणि वर लीड ऐकू यावं म्हणून जोरजोरात झोडतात. ॲडॉप्टरही नीट बघून घ्या, 9 व्होल्ट आणि मधली पिन निगेटिव्ह. घरातला कुठलाही 9 व्होल्टवाला उचलून लावायचा नाही. सगळ्या पेडलना एकाच ॲडॉप्टरच्या माळेतून वीज दिली तर डिजिटल लूपरमुळे बारीक शिट्टीसारखा आवाज येऊ शकतो, त्याला वेगळा द्या.

पहिली_गिटार_पस्तिशीत
मग आता एक बटण की आरसी-5?

रात्रीचा_रियाझ
एक बटण.

कोल्हापुरी_स्ट्रॅट
आरसी-5. कशाला नंतर दुसऱ्यांदा खर्च?

फुकट_ते_पौष्टिक
फोन आहे ना हातात? आधी महिनाभर त्यावर करून बघा.

ठेका_धरून
ताई, तुम्ही गाता का? गात असाल आणि आवाज लूप करायचा असेल तर हे तिघे काय म्हणतात ते बाजूला ठेवा, आधी माइकचं बघा. आणि हेडफोन लावूनच करा. स्पीकरवर लूप चालू असला तर माइक तोच पुन्हा उचलतो, दुसऱ्या थरात पहिलाही रेकॉर्ड होतो, तिसऱ्यात दोन्ही, चौथ्या थरापर्यंत खोलीत नुसता गोंगाट. छोट्या पेडलला हेडफोनचं भोक बहुतेक नसतं, तेही मिक्सरवरच मिळतं.

पहिली_गिटार_पस्तिशीत
गाते की, तेच तर करायचंय मुख्य. मिक्सर कुठला?

कोल्हापुरी_स्ट्रॅट
झालं. वेगळा धागा काढा.