नवी घोडी मोरकी घालू देत नाही, सुरुवात कुठून करावी?

नवखा_दौंडकर विचारतो:

नमस्कार मंडळी. मी इथे नवीन आहे. दौंड तालुक्यात आमची शेती आणि थोडी दुभती जनावरं. यंदा दत्तजयंतीला वडिलांनी सारंगखेड्याच्या बाजारातून मारवाडी घोडी आणली. चार वर्षांची, कुमैत रंगाची. दिसायला देखणी, चंदी-चारा व्यवस्थित खाते.

पण हातात मोरकी (तोंडावर चढवायची दोरी) दिसली की मान वर आणि ढुंगण आमच्याकडे. कोपऱ्यात गाठून कशीबशी चढवली, तर दोरी ताणल्याबरोबर पुढचे पाय आपटायला लागते, जागच्या जागी नाचते. एक पाऊल पुढे येईल तर शपथ. जनावरं बघणारे मामा म्हणतात, ही मस्ती आहे, काटेरी लगाम घाला, दोन दिवसांत सरळ येते. विकणाऱ्यानेही तसलाच लगाम सोबत दिलाय. माझ्या मनाला ते पटत नाही.

नॅचरल हॉर्समनशिपचे, म्हणजे घोड्याला मारझोड न करता त्याच्या स्वभावाला धरून शिकवायच्या पद्धतीचे व्हिडिओ बघतोय. त्यात गोल कुंपण, वेगळ्या दोऱ्या, काठ्या असं बरंच काही असतं. आमच्याकडे गोठ्यामागे बांबूचं आवार आहे, बस. मी घोड्यावर कधी बसलेलो नाही, बैल मात्र लहानपणापासून हाताळलेत. कुठून सुरू करू?

---

पागेवाली_पुणे यांचं उत्तर:

या, या. पहिल्याच प्रश्नात तुम्ही घोडीचं इतकं नीट वर्णन केलंय की अर्धं काम तिथेच झालं. नवीन माणसं बहुतेक "घोडा ऐकत नाही" एवढंच लिहितात. तुम्ही मान, पाय काय करतात ते लिहिलंत.

आधी त्या पाय आपटण्याबद्दल, कारण मला वाटतं तुमच्या प्रश्नाची गाठ तिथेच आहे. सारंगखेड्याला येणारी कितीतरी जनावरं नाचाला तयार केलेली असतात. वरातीत, मिरवणुकीत हलगी-ढोलावर नाचवण्यासाठी. पुष्कळ ठिकाणी हे शिकवताना घोडा दोन बाजूंनी बांधतात, तोंडावर ताण ठेवतात आणि पुढच्या पायांना काठीने डिवचत राहतात. पाय उचलला की डिवचणं थांबतं. म्हणजे तुमच्या घोडीच्या डोक्यात हिशेब पक्का आहे: तोंडाशी ताण आला की पाय उचलायचे. तुम्ही दोरी ओढून "पुढे ये" म्हणताय, ती बिचारी शिकवलेलं उत्तर देतेय. तुम्ही आणखी ओढता, ती आणखी जोरात नाचते. यात मस्ती कुठे आली? तिला प्रश्नच दुसरा ऐकू येतोय.

त्यामुळे तुम्हाला तिला नवा हिशेब शिकवायचाय, आणि घोडा शिकतो तो ढील मिळाल्यावर. दोरीला जेमतेम ताण द्या, गाय वासराला नाकाने ढकलते त्याहून कमी. धरून ठेवा, वाढवू नका, झटका देऊ नका. ती नाचेल. नाचू दे. तुम्ही उभे राहा. केव्हातरी ती थांबेल आणि अंगाचं वजन बोटभर पुढे आणेल. पाऊलही नको, नुसतं वजन. त्या क्षणाला दोरी पूर्ण सैल. अर्ध्या सेकंदाचा उशीर झाला तर ढील दुसऱ्याच कशाला तरी मिळते आणि ती तेच शिकते. सैल सोडलीत की गप्प उभे राहा. ती जीभ फिरवेल, चघळल्यासारखं करेल, मान खाली येईल, कदाचित फुरफुरेल. म्हणजे ताण उतरतोय. तेवढं होऊ द्या, मग पुन्हा विचारा.

पण हे नंतर. आधी मोरकीच. पहिले काही दिवस मोरकी घेऊन जाऊच नका. आवारात जा आणि उभे राहा. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, जवळजवळ ३५० अंश त्याला दिसतं. दिसत नाही ते कपाळाच्या अगदी समोरचं आणि शेपटीच्या थेट मागचं. आपण माणसं नेमकी समोरून, हात पुढे करून, डोळ्यात डोळे घालून जातो. तसं जाऊ नका. खांद्याच्या रोखाने, तिरके, रमत गमत चला. तिने मान उचलली किंवा कान ताठ केले की जिथे आहात तिथेच थांबा. तिने तुमच्याकडे वळून बघितलं की तुम्ही पाठ फिरवून दोन पावलं दूर जा. हीसुद्धा ढीलच. माझ्याकडे शर्यतीतून निवृत्त झालेली थरोब्रेड घोडी आली तेव्हा ती तबेल्याच्या मागच्या भिंतीला चिकटून असायची. तिच्याशी मी एवढंच करत होते. बघितलं की मी निघून जायचे. पुढे पुढे तीच दाराशी येऊन वाट बघायला लागली.

हात लावू दिला की आधी खांदा, मग मानेची कड, आयाळ संपते ती उंचवट्याची जागा. घोडे एकमेकांना तिथेच खाजवतात. खरारा वापरा, पण हलका. कानांना घाई नको. मारवाडीचे ते आत वळलेले कान तिचं वैभव आहेत, आणि बाजारात कान पिळून धरायची वाईट खोड लोकांना असते, त्यामुळे मोरकी कानावरून जाताना ती मान वर टाकत असणार. म्हणून कानावरून ओढायची मोरकी नको. मानेमागून फिरवून गालाशी गाठ मारता येते अशी घ्या, किंवा सुती दोरीची घरीच वळा.

गोल कुंपण लागत नाही. तुमचं बांबूचं आवार पुरेल, फक्त टोकं बाहेर आलेली असतील तर कापून घ्या. बारा फुटांची जाडसर सुती दोरी हवी, नायलॉनची नको, हात सोलून निघतो. आणि हे काळजावर कोरून ठेवा: दोरी कधीही हाताला किंवा मनगटाला गुंडाळायची नाही. ताणावर पुढे यायला ती शिकत नाही तोवर खुंट्याला घट्ट बांधून निघून जाऊ नका. बुजली तर मान मोडून घेईल.

बैल हाताळलेत हे फार चांगलं. मागच्या पायांचा अंदाज आणि जनावरापाशी न घाबरता उभं राहणं तुमच्या अंगात आहे. वेसणीचा हात मात्र गोठ्यातच ठेवून या.

बसायची घाई करू नका. जमिनीवरून तिला पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे सैल दोरीवर नेता आलं की खोगिराचं बोलू.

---

अश्ववैद्य यांचं उत्तर:

ताईंचं सगळं मान्य, पण त्याच्याही आधी तपासणी. चार वर्षांची म्हणता ना? अडीच ते साधारण साडेचार-पाच वर्षांपर्यंत घोड्याचे दुधाचे दात पडून पक्के येत असतात. हिरड्या दुखऱ्या असतात. शिवाय पहिल्या दाढेपुढे कधीकधी एक छोटा दात असतो, लगामाची कडी नेमकी त्याला लागते. तोंड उघडून बघितल्याशिवाय "मस्ती" हा शब्द वापरू नये. कानात गोचीड, पाठीवर खोगिराचे जुने घट्टे, नालेचे खिळे, हेही पाहून घ्या.

बाजारातून आणलेल्या जनावराची ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाची तपासणी झाली नसेल तर करून घ्या. हा आजार माणसालाही होतो आणि सरकारला कळवावा लागतो. पशुसंवर्धन खात्याचे डॉक्टर रक्ताचा नमुना घेतात, त्याच्या तपासणीची देशातली मुख्य प्रयोगशाळा हिसारला आहे. निकाल येईपर्यंत दुसऱ्या घोड्यांत सोडू नका, पाण्याची बादली वेगळी. धनुर्वाताची लस चुकवू नका, घोडा त्याला फार लवकर बळी पडतो.

आणि त्या काटेरी लगामाबद्दल मामांना सांगा की तो कायद्यानेच बंद आहे. ओझ्याच्या आणि ओढकामाच्या जनावरांसाठी केंद्राचे १९६५ चे नियम आहेत. त्यातल्या आठव्या नियमात टोकदार लगाम, टोचणी, काटे असलेला साज वापरायला मनाई आहे, आणि त्यात स्वारीचाही उल्लेख आहे. मी अशा लगामाने चिरलेल्या जिभा शिवल्या आहेत.

---

परदेशी_स्वार यांचं उत्तर:

कॅलिफोर्नियातून लिहितोय. व्हिडिओंत बरंच सामान असतं म्हणालात म्हणून थोडंसं. ज्या माणसांपासून हे सुरू झालं ते टॉम आणि बिल डोरन्स हे भाऊ ओरेगनमधल्या गुराख्यांच्या घरातले. टॉम १९१० चा. त्यांच्याकडून आयडाहोचा रे हंट शिकला आणि त्याने ठिकठिकाणी शिबिरं घेऊन ते लोकांपर्यंत नेलं. ही सगळी रोज गुरांमागे काम करणारी माणसं. सामान म्हणजे साधी मोरकी आणि दोरी. खास काठ्या आणि पातळ्यांचे अभ्यासक्रम नंतर आले. त्यातून शिकता येतं, पण ते विकत घेतल्याशिवाय अडत नाही.

एक सावधगिरी. गोल कुंपणात घोड्याला पळवत ठेवायचं आणि दमून तो आपल्याकडे वळला की "जोडला गेला" म्हणायचं, हे पडद्यावर छान दिसतं. नवख्याच्या हातात त्याचा पाठलाग होतो. आधीच घाबरलेल्या घोडीवर ते करू नका.

---

नवखा_दौंडकर:

सगळ्यांचे मनापासून आभार. नाचाचं ताईंनी ओळखलं. वडिलांनी विकणाऱ्याला फोन केला, त्याने सांगितलं की दोन वर्षं वरातीत नाचत होती. मामांनाही वाचून दाखवलं. लगाम त्यांनी स्वतःच काढून ठेवला, म्हणाले कायदा असेल तर नको. डॉक्टर शनिवारी येतायत, रक्तही देतो.

आज नुसता आवारात उभा राहिलो. दोनदा बघितलं तिने, मी दोन्ही वेळा मागे फिरलो. एक विचारायचंय: दिवसभर एकटी असते, संध्याकाळी खूप खिंकाळते. हे चालेल का?

---

पागेवाली_पुणे:

चालणार नाही. घोडा कळपातला प्राणी आहे, एकटेपणाने तो खरंच खचतो, आणि एकट्या घोडीला शिकवणंही अवघड जातं कारण तिचं अर्धं लक्ष कुंपणापलीकडे असतं. तपासणीचा निकाल येईपर्यंत तिला गाई दिसतील अशा जागी हलवा, पण मध्ये अंतर ठेवा. वैरण दोनदा ढीगभर टाकण्याऐवजी थोडी थोडी, चार-पाच वेळा द्या. घोड्याचं पोट लहान असतं, दिवसाचा मोठा भाग तो चरण्यात घालवतो. तोंड हलत राहिलं की अस्वस्थपणा कमी होतो आणि पोटशूळाचा धोकाही. निकाल चांगला आला की एखादी शेळी सोबतीला द्या, पुष्कळ घोड्यांना चालते. पुढेमागे जमलं तर दुसरा घोडा.

शनिवारी दातांचं काय निघालं ते लिहा.